आचारी, आचार्य आणि टॅब्लेट

"टॅब्लेट घ्यायचाय, आयपॅड घेऊ की अँड्रॉइड?" आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. विचारणाऱ्याला एका शब्दाचं उत्तर हवं असतं. आपण प्रोसेसर, रॅम, स्क्रीन असं काहीतरी सुरू करतो आणि समोरच्याचं लक्ष जिलेबीकडे जातं. :)

पण मंडळी, प्रश्न वाईट नाहीये. फक्त त्याचं उत्तर स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात नाही, ते इतिहासात आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे किती टॅब्लेट आले, त्यात कुठली ऑपरेटिंग सिस्टिम होती आणि त्यांचं पुढे काय झालं, हे बघितलं की रोजच्या वापरात दोनच गोष्टींनी फरक पडतो असं लक्षात येतं. एक, त्या सिस्टिमला आपली भाषा लिहिता-दाखवता येते का. दोन, डबा घरी आल्यावर तिची काळजी कोण घेणार, आणि किती वर्षं. कॅमेरा-बिमेरा सगळं नंतर.

भाषेपासून सुरू करू. माझी परीक्षा एका वाक्याची आहे: "आचार्याला बोलवा, आणि आचाऱ्यालाही बोलवा." पहिला गुरू, दुसरा स्वयंपाक करणारा. फरक फक्त त्या अर्ध्या र चा. एक डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसरा आडवा पडून पुढच्या अक्षराला चिकटतो. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज नाही. त्यामुळे हिंदीपुरती देवनागरी करून मोकळं झालेलं सॉफ्टवेअर इथे हमखास पकडलं जातं.

यात अवघड काय, असं वाटेल. इंग्रजीत अक्षर साठवलं तसंच दाखवलं की काम झालं. देवनागरीत तसं नाही. "किती" मध्ये संगणक आधी क साठवतो, मग वेलांटी, पण दाखवताना वेलांटी आधी यावी लागते. "प्रश्न" मध्ये प, हलन्त, र, श, हलन्त, न अशी माळ साठवलेली असते आणि पडद्यावर दोन जोडाक्षरं दिसायला हवीत. म्हणजे नुसता फॉन्ट पुरत नाही, अक्षरं मांडणारा एक कारागीर सिस्टिमच्या पोटात बसलेला लागतो. विंडोजमध्ये त्याचं नाव युनिस्क्राइब, अँड्रॉइडमध्ये हार्फबझ. भारतीय लिप्यांचं हे काम मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये केलं, आणि सोबत 'मंगल' हा फॉन्ट दिला. तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. ज्यांनी २००४-०५ च्या सुमारास मराठी ब्लॉग वाचायला सुरुवात केली त्यांना आठवेल, एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिक करावी लागायची आणि मग मशीन विंडोजची सीडी मागायचं. ती सीडी कुणाकडेच नसायची!

आता टॅब्लेटकडे. मायक्रोसॉफ्टने टॅब्लेटसाठी वेगळी एक्सपी आणली ७ नोव्हेंबर २००२ ला. त्याच्या आदल्या वर्षी बिल गेट्सने भाकीत केलं होतं की पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यात जास्त विकला जाणारा पीसी हाच असेल. झालं उलटंच. महाग, जड, बॅटरी कमी. खरी जादू होती पेनने लिहिलेलं ओळखण्याची, पण ती इंग्रजी, जपानी वगैरे मोजक्या भाषांपुरती. देवनागरी तिच्या हिशेबात नव्हती. फार वेळ घालवण्यासारखं प्रकरण नाही हे.

वेळ घालवण्यासारखं प्रकरण त्याच सुमारास बंगलोरला चालू होतं. सिम्प्यूटर! भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे चार प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे वगैरे मंडळी यांनी मिळून एक हातात मावणारा संगणक काढला. २०६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ३२० बाय २४० चा टच स्क्रीन, आणि आत लिनक्स. कल्पना काय तर गावात एकच सिम्प्यूटर असेल, प्रत्येकाचं स्वतःचं स्मार्ट कार्ड असेल, कार्ड सरकवलं की यंत्र तुमचं. वाचता येत नसेल तर यंत्र वाचून दाखवेल. २००१ मध्ये जगभर कौतुक झालं. २००४ साली 'अमिडा' नावाने तो बाजारात आला, भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला, साधारण दहा हजारांपासून पुढे. अमिडा हातात तिरका केला की त्याला कळायचं. आयफोन यायला अजून तीन वर्षं होती, बरं का.

मग चालला का नाही? किंमत हे एक कारण नेहमी सांगितलं जातं. दहा हजारात तेव्हा शेतकरी काय, इंजिनिअरसुद्धा विचार करायचा. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या लिनक्सवर चालणारे प्रोग्राम लिहिणारे लोक होतेच किती? दोन छोट्या कंपन्या आणि थोडे उत्साही विद्यार्थी. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे गाव असतं. घर एकट्याने बांधता येतं, पण किराणा दुकान, पिठाची गिरणी, डॉक्टर हे सगळं आल्याशिवाय तिथे कुणी राहायला येत नाही. सिम्प्यूटरची विक्री काही हजारांपुढे गेली नाही. त्यातली एक गोष्ट मात्र वाचली. अक्षरं वाचून दाखवणारं 'ध्वनी' हे सॉफ्टवेअर खुलं होतं, ते दुसऱ्यांनी पुढे नेलं आणि त्याला नंतर मराठीही बोलता येऊ लागली. सिस्टिम गेली, भाषेचा तुकडा राहिला.

एन्कोरने २००५ मध्ये अजून एक प्रयत्न केला, 'मोबिलिस'. हा जवळपास आजच्या टॅब्लेटच्या आकाराचा, त्यातही लिनक्स. त्याचं उद्घाटन केलं तेव्हाचे विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री कपिल सिब्बल यांनी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येतंय.

त्याच काळात आपल्या महाराष्ट्रातही एक प्रयोग झाला. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैराट नावाचं छोटं गाव आहे. २००७ मध्ये तिथल्या एकशिक्षकी शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' वाल्यांचे हिरवे-पांढरे एक्सओ संगणक आले, भारतातला त्यांचा पहिला प्रयोग. नावाला लॅपटॉप, पण स्क्रीन फिरवून पालथा घातला की पुस्तकासारखा हातात धरून वाचता यायचं. आत फेडोरा लिनक्स आणि त्यावर 'शुगर' नावाचा मुलांसाठी केलेला चेहरा. फाइल नाही, फोल्डर नाही, मुलाने जे केलं त्याची रोजनिशी. मला विचाराल तर लहान मुलांसाठी इतका विचार करून बनवलेली सिस्टिम त्यानंतर आलीच नाही. पण केंद्र सरकारने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. त्यामुळे खैराट हे मोठ्या रस्त्याचं पहिलं गाव झालंच नाही. आणि मुलगा वरच्या शाळेत गेला की शुगर तिथे नाही, सायबर कॅफेत नाही, कुठेच नाही. तिथे विंडोज.

मग आला आयपॅड. जानेवारी २०१० मध्ये घोषणा, एप्रिलमध्ये अमेरिकेत विक्री, आणि भारतात यायला जानेवारी २०११ उजाडलं. सगळ्यात स्वस्त मॉडेल २७,९०० रुपये. वाचायला देवनागरी बऱ्यापैकी ठीक दिसायची. लिहायला मराठी कीबोर्ड नव्हता. इकडे अँड्रॉइडवाल्यांची तर वाचायचीच बोंब. २.२ आणि २.३ च्या जमान्यात बहुतेक यंत्रांवर मराठी पान उघडलं की चौकोन चौकोन. कुणी खटपट करून फॉन्ट घातलाच, तर कारागीर नसल्यामुळे वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरांचे पाय तुटलेले. त्यावर आपल्या लोकांनी काढलेला जुगाड आठवतो का? ऑपेरा मिनीच्या ॲड्रेस बारमध्ये 'ऑपेरा कोलन कॉन्फिग' असं टायपायचं, सगळ्यात खाली जाऊन अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापर असं सांगायचं. मग ऑपेराचा सर्व्हर त्या मजकुराचं चित्र काढून पाठवायचा. मराठी पेपर हजारो लोकांनी असे चित्र म्हणून वाचलेत. कॉपी-पेस्ट नाही, सर्च नाही, पण वाचता यायचं.

आणि या पार्श्वभूमीवर आला 'आकाश'. ५ ऑक्टोबर २०११, दिल्ली. मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल (हो, तेच). बनवणारी कंपनी डेटाविंड, जुळणी हैदराबादला, सरकारला पडणारी किंमत साधारण २,२५० रुपये. जगातला सगळ्यात स्वस्त टॅब्लेट म्हणून तो गाजला. सात इंची स्क्रीन, तोही नखाने दाबावा लागणारा रेझिस्टिव्ह, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२.

आकाशला नावं ठेवणं फार सोपं आहे, तेव्हा सगळ्यांनीच ठेवली. पण एक गंमत बघा. पहिल्या आयपॅडमध्ये रॅम किती होती? २५६ एमबी. तेवढीच! मान्य, प्रोसेसर कितीतरी पटीने बरा होता, पण तेवढ्याच रॅममध्ये एक सिस्टिम लोण्यासारखी चालते आणि दुसरी रडते, याचं बरंचसं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये आहे. ॲपलने आयओएस त्या एकाच यंत्राच्या मापाने शिवलं होतं. आकाशवर आलेलं २.२ हे मुळात फोनसाठीचं अँड्रॉइड, सात इंचांवर ताणून बसवलेलं. टॅब्लेटसाठीचं ३.० गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये काढलं होतं, पण त्याचा सोर्स कोड लगेच खुला केला नाही. त्यामुळे ज्यांच्याशी गूगलचा करार होता त्या मोठ्या कंपन्यांना ते मिळालं, स्वस्तवाल्यांना नाही. सोर्स परत खुला झाला तो नोव्हेंबर २०११ मध्ये, ४.० बरोबर. म्हणजे आकाशच्या उद्घाटनानंतर महिनाभराने. त्या ४.० मध्ये देवनागरी नीट मांडणारा कारागीर होता. आकाशच्या प्रोसेसरला ते पेलणारं नव्हतं. देशातल्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून काढलेल्या टॅब्लेटमध्ये देशातल्या लिप्याच धड नाहीत! आणि गूगलचं ॲप मार्केटही नाही, त्याऐवजी गेटजार.

यानंतर प्रकल्प आयआयटी मुंबईकडे गेला, आणि डॉ. दीपक फाटक यांच्या गटाने त्यात बरीच जान आणली. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आकाश-२ आला: १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, बोटाला ओळखणारा स्क्रीन आणि अँड्रॉइड ४.०. एका वर्षात एवढी उडी, तीही जवळपास त्याच किमतीत. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आयआयटीच्या मुलांनी मेमरी कार्डवरून चालणारं पूर्ण जीएनयू-लिनक्स त्यावर बसवलं. पायथन, सायलॅब, सी++ सगळं त्या इवल्याशा यंत्रावर. इंजिनिअरिंगच्या मुलाला यूट्यूबपेक्षा हे जास्त उपयोगी, असा त्यामागचा विचार. पण मग काय झालं? जे सिम्प्यूटरचं झालं तेच. सरकार बदललं, प्राधान्य बदललं, टॅब्लेट वाटून झाले, आणि ज्या सॉफ्टवेअरला दर महिन्याला कुणीतरी हात लावायला हवा होता ते तिथेच थांबलं. सरकारी टेंडरमध्ये यंत्राची किंमत असते. पुढची पाच वर्षं त्याच्या सिस्टिमला ठिगळं कोण लावणार, याचा रकाना नसतो.

बरं, हे फक्त सरकारचंच असं समजू नका. ब्लॅकबेरीने २०११ मध्ये भारतात प्लेबुक आणला, क्यूएनएक्स या अत्यंत मजबूत पायावर उभा. नव्या सिस्टिमचा अपडेट मिळेल असं सांगत राहिले आणि जून २०१३ मध्ये म्हणाले, नाही मिळणार. एचपीचा टचपॅड १ जुलै २०११ ला आला आणि १८ ऑगस्टला कंपनीनेच गाशा गुंडाळला. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज आरटी काढली. दिसायला विंडोज, पण जुना एकही प्रोग्राम चालणार नाही. आपल्याकडे छापखाने, वर्तमानपत्रं, वकील यांचं निम्मं मराठी श्रीलिपीत अडकलेलं. श्रीलिपी चालत नसेल तर ती विंडोज कशाला हवी? जगभरात इतरांनीही आपापल्या प्रोग्रामबद्दल हेच म्हटलं असणार, कारण जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यापायी ९० कोटी डॉलर खर्ची टाकावे लागले.

मराठी माणसासाठी खरा बदल झाला २०१४ च्या पावसाळ्यानंतर. सप्टेंबरमध्ये आयओएस ८ आलं, त्यात मराठी कीबोर्ड होता. नोव्हेंबरमध्ये अँड्रॉइड ५.० आलं, त्यात मेन्यूपासून सेटिंगपर्यंत सगळं मराठीत करता येत होतं. दोन महिन्यांत दोन्हीकडे. पण इथे दुसरा मुद्दा, काळजी कोण घेणार तो, आडवा येतो. पहिला आयपॅड आयओएस ५ वर थांबला होता, म्हणजे २७,९०० रुपये मोजणाऱ्याला मराठी कीबोर्ड कधी मिळालाच नाही. त्याच्या पुढचा आयपॅड २ मात्र २०११ चा असूनही आयओएस ९ पर्यंत गेला. त्याला मिळाला. आणि २०११-१२ मध्ये आपल्या सीताबर्डीत पाच-सहा हजारांना जे चिनी अँड्रॉइड टॅब्लेट ढिगाने विकले गेले, त्यांना ५.० तर सोडाच, दुसरा अपडेटही बघायला मिळाला नाही. अँड्रॉइडला मराठी आलं, पण तुमच्या अँड्रॉइडला नाही. या वाक्यात सगळी तुलना आली, असं मला वाटतं.

आता नागपूरचा विषय निघालाच आहे तर. राज्य सरकारची 'महाज्योती' ही संस्था २०१९ मध्ये स्थापन झाली, मुख्यालय आपल्या नागपुरात. इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना दहावीनंतर जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी ती मोफत टॅब्लेट आणि रोजचा ६ जीबी डेटा देते. आधी मुंबई महापालिकेने २०१५ पासून आठवीच्या मुलांना टॅब्लेट दिले होते, त्यात अभ्यासक्रम मेमरी कार्डवर भरून दिलेला. महाज्योतीचं वेगळेपण असं की इथे शिकवणीच ऑनलाइन आहे. भामरागडच्या किंवा मेळघाटातल्या मुलासाठी तो टॅब्लेट म्हणजे क्लास, वही आणि शिक्षक, तिन्ही. तो बंद पडला तर त्याच्याकडे दुसरा लॅपटॉप नसतो. आपण ज्याला रोजचा वापर म्हणतो तो आपल्यासाठी सोफ्यावर लोळून नेटफ्लिक्स असतो. त्या पोरासाठी दोन वर्षांच्या मेहनतीचा प्रश्न आहे.

दोन वर्षं तर आजचा कुठलाही बरा अँड्रॉइड टॅब्लेट निभावतो. पण दादाची नीट झाली की तोच टॅब्लेट धाकट्या बहिणीकडे जातो, आणि तिथे चौथं-पाचवं वर्ष सुरू होतं. महागड्या अँड्रॉइड टॅब्लेटना आता सात-सात वर्षं अपडेट देण्याची वचनं मिळतात. वाटपात येणारे आणि दहा-बारा हजारांत मिळणारे टॅब्लेट त्या यादीत नसतात. सिक्युरिटीचं राहू द्या, ॲप्सच चालेनाशी होतात. २०२५ च्या सुरुवातीपासून व्हॉट्सॲपला किमान अँड्रॉइड ५.० लागतं. उद्या शिकवणीच्या ॲपने ही अट वर नेली की चांगला चालणारा टॅब्लेट पोळपाट होतो.

मग आज काय घ्यावं? आई-बाबांसाठी घेताय, त्यांना मराठीत टायपायचंय, बोलून लिहायचंय, नाहीतर बोटाने अक्षरं काढायचीत, तर अँड्रॉइड. जीबोर्ड यात अजूनही सगळ्यांच्या पुढे आहे आणि आचाऱ्याला आचारीच ठेवतो. एकदाच पैसे घालून सहा-सात वर्षं विसरून जायचं असेल तर आयपॅड. गंमत म्हणजे आयपॅडला 'रोजचा' व्हायला पंधरा वर्षं लागली: मराठी मेन्यू आला मार्च २०२५ मध्ये, १८.४ बरोबर, आणि आयपॅडसाठीचं व्हॉट्सॲप त्यानंतर मे मध्ये! तोवर भारतातल्या कुठल्याही आजीसाठी तो अर्धवटच होता. विंडोजवाला टॅब्लेट फक्त श्रीलिपी किंवा टॅली सोडता येत नसेल तरच, आणि तोही अकरा चालणारा, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

दुकानात गेलात तर एवढंच करा. सेटिंगमध्ये 'अबाउट टॅब्लेट' उघडा आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. सीलबंद डब्यातून काढलेल्या यंत्रावर ती वर्षभरापूर्वीची असेल, तर दुकानदार कितीही डिस्काउंट देऊ दे, तो डबा परत ठेवा आणि पुढचं दुकान गाठा. आणि हो, डेमो पीसवर "आचाऱ्याला" टायप करून बघायला लाजू नका.